शून्य निष्ठांश

कोल्हापूरच्या लोकमानस संशोधन केंद्रात त्या दिवशी पत्रकारांची झुंबड उडाली होती, कारण डॉ. सदानंद हेर्लेकर स्वतःचं यंत्र स्वतःच्याच डोक्यावर चालवून दाखवणार होते. तारांचं बारीक विणलेलं शिरोजाल चढवून ते खुर्चीत बसले होते. समोरच्या भिंतीवर निष्ठामापीची मोठी तबकडी होती. तिच्या मध्यावर शून्य, उजवीकडे धन आकडे, डावीकडे ऋण.

त्यांची सहकारी डॉ. रुक्साना मुजावर पत्रकारांना समजावून सांगत होती. ती वयानं लहान, बोलायला सरळ आणि सदानंदांच्या मते थोडी जास्तच हुशार होती.

"समजा, एका मंत्र्यानं निकृष्ट पूल बांधला आणि तो पडला," ती म्हणाली. "ही हकिकत आम्ही माणसाला दोनदा दाखवतो, मधे काही दिवस जाऊ देऊन. एकदा सांगतो, हे कृत्य तुमच्या पक्षाच्या अमुक नेत्याचं आहे. दुसऱ्यांदा सांगतो, हे परराज्यातल्या कुणा अनोळखी माणसाचं आहे. कृत्य तेच, पूल तोच. माणूस तोंडानं काय म्हणतो ते आम्ही ऐकतच नाही. मेंदूत चीड किती उठली एवढंच मोजतो."

"आणि फरक पडतो?" एका पत्रकारानं विचारलं.

"प्रचंड. परक्यावर शंभर चीड आली, तर आपल्या माणसावर तीस-चाळीस. मधला जो फरक, तो निष्ठांश. आपल्या माणसावर चीड कमी आली तर निष्ठांश धन, जास्त आली तर ऋण. दोघांवर सारखीच आली तर शून्य."

"शून्यवाला माणूस अजून कुणी बघितलाय का?"

"आता बघाल," खुर्चीतून सदानंद म्हणाले.

त्यांच्यासाठी निवडलेला नेता कुणी ऐरागैरा नव्हता. सदानंद कॉलेजात असल्यापासून मशागत पक्षाचे सभासद होते आणि नेता होता त्याच पक्षाचा जलसंपदामंत्री मारुतराव डुबल, त्यांचा वर्गमित्र आणि वसतिगृहातला खोलीसोबती. आधीची फेरी गेल्या आठवड्यात झाली होती, आज दुसरी झाली. यंत्रानं वजाबाकी केली. काटा थोडा थरथरला आणि बरोबर मध्यावर उभा राहिला. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशीच्या पेपरांनी त्यांना 'शून्य हेर्लेकर' करून टाकलं आणि हे नाव त्यांनी मानाच्या पागोट्यासारखं मिरवलं.

सदानंदांना मारुतरावांचा मत्सर वाटत होता, हे इथंच सांगून टाकलेलं बरं. ते सोडून सगळ्यांना हे कळत होतं. ते स्वतः त्याला चिकित्सक दृष्टी म्हणत.

या दृष्टीची सुरुवात वसतिगृहात झाली. पक्षाच्या विद्यार्थी आघाडीचं पहिलं मोठं भाषण सदानंदांनी लिहिलं, रात्रभर जागून. बिंदू चौकात ते बोलून दाखवलं मारुतरावांनी, कारण सदानंदांचा आवाज बारीक होता आणि माईकसमोर त्यांचे पाय कापायचे. टाळ्या मारुतरावांना पडल्या. मग तिकीटही मारुतरावांनाच मिळालं, मग लाल दिवा आणि मागे धावणारी माणसं. मारुतरावांच्या मुलीच्या लग्नात पहिल्या रांगेत कारखान्याचे कंत्राटदार बसले होते. सदानंद मंडपाच्या खांबाआड बसले आणि त्यांनी नवरी पाहिली ती पडद्यावर. टीव्हीवर मारुतराव दिसले की त्यांच्या पोटात आग पडायची. चॅनेल मात्र ते बदलू देत नसत. "बघवत नाही तर बघता कशाला?" असं त्यांची बायको विचारायची आणि ते आवाज आणखी वाढवायचे.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी होती. मारुतराव पहिल्यांदा निवडणूक हरले तेव्हा सदानंद दोन दिवस जेवले नव्हते. मतदानाच्या दिवशी ते सगळ्यांआधी रांगेत असत आणि दुसऱ्या कुणी मारुतरावांना शिवी दिली तर त्याच्याशी भांडत. मारुतरावांना नावं ठेवायचा हक्क फक्त आपला, असं त्यांचं मत होतं.

यंत्राची कीर्ती झाली आणि सरकारनं स्वपक्ष जाब कायदा आणला. त्यामागची कल्पना सोपी होती. विरोधकानं नेत्याला दोषी ठरवलं तर लोक म्हणतात, तो म्हणणारच. स्वकीयानं निर्दोष ठरवलं तरी हेच म्हणतात. तेव्हा नेत्याला जाब विचारायचा तो त्याच्याच पक्षाच्या अकरा सभासदांनी, पण ज्यांचा त्या नेत्याबद्दलचा निष्ठांश शून्यावर आहे अशांनीच. या अकरांचं जाबपीठ. मैत्री, नातं, जात काही विचारायचं नाही, कारण जे असेल ते यंत्रात दिसेलच. प्रत्येक बैठकीआधी निष्ठांश नव्यानं मोजायचा. सत्ताधारी मशागत पक्षानं आणि विरोधी दीपस्तंभ पक्षानं मिळून बाकं वाजवत हा कायदा मंजूर केला. असे अकरा जण आपल्या पक्षात सापडणारच नाहीत, याची दोघांनाही पक्की खात्री होती.

आणि ऑगस्टमध्ये तिळवण धरणावर ती घटना घडली.

धरण भरलं की जलपूजन करायची पद्धत आहे. मंत्री येतात, पाण्याला साडी-चोळी आणि खणानारळानं ओटी भरतात, फोटो निघतात आणि मग दरवाजे उघडतात. त्या वर्षी धरण सकाळीच काठोकाठ आलं होतं. अभियंत्यांनी दरवाजे थोडे थोडे उघडायची परवानगी मागितली. मंत्र्यांच्या कार्यालयातून निरोप आला, "साहेबांच्या हातून पूजन होऊ दे, मग उघडा. उतरलेल्या पाण्याची साहेब ओटी भरणार का?" साहेब वाटेत तीन ठिकाणी हार घालून घेत दिवस कलताना पोचले. तोवर पाणी दरवाज्यांच्या डोक्यावरून सांडायला लागलं होतं. ओटी भरली, फोटो झाले आणि मग धरण वाचवायला सगळे दरवाजे एकदम उचलावे लागले. खालच्या तळकंबे गावाला सूचना जायच्या आधी पाणी गेलं. माणसं गेली. गोठ्यातली जनावरं सोडायला गेलेले पांडुरंग चौगुले त्यांतले एक.

त्यांची बायको लताबाई चौगुले मशागत पक्षाच्या महिला आघाडीची तालुकाप्रमुख होती. मारुतरावांच्या प्रत्येक सभेला ट्रक भरून बायका आणणारी बाई ती. नवऱ्याचे दिवस उरकले आणि तिनं पहिला जाब-अर्ज दाखल केला. पक्षाच्या जिल्हाध्यक्षांनी तिला बोलावून घेतलं. "वहिनी, पावसापुढं कुणाचं काय चालतंय? आपल्याच माणसाच्या इरोधात जाताय व्हय?" ते म्हणाले.

"आपलाच हाय म्हणून तर इचारायचं," लताबाई म्हणाली. "परक्याला काय इचारू मी?"

गावोगाव शिबिरं लागली. मशागत पक्षाच्या सभासदांची डोकी शिरोजालाखालून जाऊ लागली. ज्यांनी मारुतरावांना फक्त लांबून पाहिलं होतं त्यांचा निष्ठांश धन निघाला, तोही बख्खळ. आठवडे गेले. पण अखेर एकेक करून दहा जण सापडले, काटा अगदी मध्यावर असलेले. अकरावे हेर्लेकर. शून्य त्यांचंच सर्वांत आधी लागलेलं, म्हणून पीठाचे प्रमुखही तेच. पक्षाचं धाबं दणाणलं.

पीठातली मंडळी पहिल्यांदा केंद्रात जमली तेव्हा चहा-भडंगाच्या वेळी रुक्साना त्यांच्यात जाऊन बसली. परत आली ती थेट सदानंदांच्या टेबलापाशी.

"काय झालं?" सदानंदांनी विचारलं.

"सर, हे अकराच्या अकरा मारुतरावांना जवळून ओळखतात. एक त्यांचा चुलतभाऊ. एक त्यांच्याबरोबर सरपंच झालेला आणि सरपंचच राहिलेला. एक त्यांचा जुना स्वीय सहायक. प्रत्येक जण सांगत होता, मारुतरावांना पहिली संधी माझ्यामुळं मिळाली. तो चुलतभाऊ तर बोलता बोलता चहा प्यायचाच विसरला." तिनं हातातली यादी पुढं केली. "लाखो सभासदांतनं नेमके हेच कसे शून्यावर येतात?"

"जवळून ओळखणाऱ्याला माणूस खरा कळतो, म्हणून," सदानंद म्हणाले. "लांबच्यांना तो देव वाटतो."

"तुम्हाला तसं वाटतं?"

"वाटायचा प्रश्न नाही. यंत्र सांगतंय." त्यांचा आवाज चढला होता. हा शोध त्यांचा होता आणि त्यातली खोट कालच्या मुलीनं काढावी हे त्यांना मानवणारं नव्हतं. मत्सर एकदा घरात शिरला की एकाच खोलीत राहत नाही.

सुनावणी केंद्राच्या सभागृहात झाली. लताबाईनं सांगायचं ते थोडक्यात सांगितलं. ती रडली नाही. अभियंते बोलले, निरोप देणाराही बोलला. मग मारुतराव उभे राहिले. पांढरे शुभ्र कपडे, बोटांत अंगठ्या, मागे चार माणसं. सभागृह आपोआप शांत झालं. सदानंदांना त्याही वेळी पहिल्यांदा हेच जाणवलं, की हा उभा राहिला की लोक गप्प होतात आणि आपण उभे राहिलो की खोकतात.

"निरोप माझ्याच हापिसातनं गेला, मी न्हाई म्हणत न्हाई," मारुतराव म्हणाले. "पण पूजनाची रीत काय मी काढली न्हाई. लोकांनाच मंत्री लागतो, हार लागतात. तुम्ही सगळी माझी माणसं. छातीवर हात ठेवून सांगा, माझ्या जागी तुमच्यातला कुणी असता तर त्यानं काय केलं असतं?"

मारुतरावांच्या वकिलानं कपाळाला हात लावला. हाच एक प्रश्न या अकरा माणसांना विचारायला नको होता. त्यांच्यातल्या प्रत्येकानं गेली कित्येक वर्षं दुसरा विचारच केलेला नव्हता. मारुतरावांच्या जागी मी असतो तर. आणि प्रत्येकाच्या त्या स्वप्नात तो मारुतरावांपेक्षा चांगला, शहाणा आणि वेळेवर पोचणारा मंत्री होता. अकरा जण खुर्चीत ताठ झाले.

निकाल एकमुखी लागला. मारुतराव दोषी. मंत्रिपद त्याच दिवशी गेलं. शिक्षा मात्र दुसऱ्या बैठकीत ठरायची होती. त्यांच्यावर फौजदारी खटला चालवायचा का आणि निवडणूक लढवायला कायमची बंदी घालायची का, हे याच पीठानं सांगायचं होतं. सदानंदांच्या मनात त्याचा निकाल लागलेला होता. बाहेर लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माईकसमोर त्यांचे पाय कापले नाहीत.

त्यानंतरच्या महिन्यात एका वर्गमित्राच्या मुलाच्या लग्नाला ते गेले. आता त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. सूत्रसंचालकानं त्यांचं नाव घेतलं. अक्षता पडल्यावर त्यांनी सहज मागं पाहिलं. शेवटच्या रांगेत मारुतराव एकटेच बसले होते. शेजारच्या चार खुर्च्या रिकाम्या होत्या. बोटांत अंगठ्या नव्हत्या. माणसं त्यांना चुकवून जात होती आणि आशीर्वादाला त्यांना कुणी बोलावलं नाही.

सदानंद उठले आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. का गेलो, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"ये सदा," मारुतराव म्हणाले. "बस. जेवलास का?"

"नाही अजून."

"मी पण न्हाई. एकट्यानं ताट घेऊन हुबं ऱ्हायला कसंतरीच वाटतंय बघ."

दोघं जेवले. जुन्या मेसचा विषय निघाला, पातळ आमटीचा. हात धुताना मारुतराव म्हणाले, "त्या बिंदू चौकातलं भाषण तुझं होतं. कुठं बोललो न्हाई मी. बोलायला पायजे होतं." सदानंदांना गलबलून आलं. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच पोटातली ती आग त्यांना जाणवत नव्हती आणि ती विझल्यावर तिथं जे उरलं होतं ते निव्वळ प्रेम होतं. आपला मारुती. पावसात आपल्याला छत्री देऊन स्वतः भिजत जाणारा. चूक कुणाकडून होत नाही?

दुसऱ्या बैठकीआधी निष्ठांश नव्यानं मोजले गेले. सदानंदांच्या डोक्यावर शिरोजाल बसलं, काटा शून्यापाशी क्षणभरही न थांबता उजवीकडे गेला आणि तबकडीच्या टोकाला जाऊन टेकला. यंत्र बिघडलं असं समजून त्यांनी ते दोनदा तपासलं. मग चुलतभाऊ बसला, सरपंच बसला, स्वीय सहायक बसला. सगळे उजवीकडे. चुलतभाऊ तर शिरोजाल काढता काढता डोळे पुसत होता. कायद्यानं अकराही जण बाद झाले. पुन्हा शिबिरं लागली, पुन्हा लाखो डोकी तपासली. मशागत पक्षात मारुतराव डुबलांबद्दल शून्य निष्ठांशाचा एकही माणूस उरला नव्हता.

लताबाई केंद्रात आली तेव्हा सदानंद खिडकीपाशी पाठ करून उभे होते.

"वर्षाच्या आत पीठ बसलं न्हाई तर माझा अर्ज रद्द हुतोय म्हणं," ती म्हणाली. "मग ह्यो परत निवडणुकीला हुबा ऱ्हाणार. काय झालंय तुमच्या यंत्राला, मला कळंल असं सांगा."

उत्तर रुक्सानानं दिलं.

"यंत्राला काहीच झालेलं नाही, लताताई. आम्हीच काट्याचा अर्थ चुकीचा लावला. दुकानातला तराजू बघा. पारडी रिकामी असली की काटा मधे उभा राहतो. पण दोन्ही पारड्यांत मणामणाचा माल असला, तरी काटा मधेच उभा राहतो. आमचं यंत्र फक्त काटा बघतं. पारड्यात काय आहे ते बघत नाही."

"आन् काय हुतं पारड्यात?"

"एकात निष्ठा. तिच्यामुळं आपल्या माणसाची चीड कमी येते. दुसऱ्यात मत्सर. त्यानं आपल्याच माणसाची चीड जास्त येते. परक्याचा मत्सर सहसा कुणी करत नाही. माणूस जळतो तो बरोबरीच्यावर, जवळच्यावर, आपल्याबरोबर निघून पुढं गेलेल्यावर. म्हणून ते अकरा जण सगळे जवळचे निघाले. त्यांची निष्ठा आणि त्यांचा मत्सर बरोबर सारखे भरले. मग मारुतराव खुर्चीवरून उतरले. पडलेल्या माणसाचा कोण मत्सर करणार? ते पारडं रिकामं झालं आणि नुसती निष्ठा उरली."

"म्हणजे आम्ही जो निकाल दिला," सदानंद खिडकीकडेच बघत म्हणाले, "तो जळफळाट होता. न्याय नव्हता. मी तो परत घेतला पाहिजे."

"सर, दरवाजे बंद होते हे खरं आहे ना?" रुक्साना म्हणाली. "ते काही तुमच्या मत्सरामुळं बंद झाले नव्हते. आज तुम्हाला त्यांची दया येते म्हणून ते उघडे होते असंही होत नाही. परक्या माणसानं हेच केलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता? तेच तुम्ही त्या दिवशी म्हणालात, बरोबर तेवढंच. कमी नाही, जास्त नाही. शून्याचा अर्थ इतकाच असतो."

"मग मी निःपक्ष नव्हतोच कधी?"

"खरी रिकामी पारडी मला आजवर एकही दिसली नाही," ती म्हणाली. हे बोलताना ती त्यांच्याकडे पाहत नव्हती. सदानंदांना तिचाही राग यायला हवा होता, पण आला नाही. लाजच इतकी वाटत होती की दुसऱ्या कशाला जागा नव्हती.

लताबाई मात्र पदराचं टोक बोटाला गुंडाळत विचार करत होती. सभा, मोर्चे, रुसवेफुगवे, तिकिटं, सगळ्यांत तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

"बाई," तिनं रुक्सानाला विचारलं, "जर का त्यो परत मोठा झाला, तर ते दुसरं पारडं भरंल?"

"भरेल," रुक्साना हळूच म्हणाली. "भरायलाच पाहिजे."

"मग करूया की मोठा. त्यात काय? आजवर आम्हीच केला न्हवं?"

पुढचे काही महिने तळकंबे गाव लताबाईच्या नावानं खडे फोडत होतं. तिनं पक्षाच्या मेळाव्यात उभं राहून सांगितलं, की झालं ते झालं, तालुक्याला मारुतरावांवाचून वाली नाही. जिच्या घरातला माणूस गेला तीच असं म्हणते म्हटल्यावर पक्षाला आणखी काय हवं होतं? मारुतरावांची भीड चेपली. लताबाईनं बायका जमवल्या, सह्यांची मोहीम काढली, मुंबईला शिष्टमंडळ नेलं. दीर तिच्याशी बोलायचा बंद झाला. सासूनं तिच्या हातचं पाणी घेणं सोडलं. "नवऱ्याला बुडवणाऱ्याला ववाळतीया," असं पाणवठ्यावर तिच्या तोंडावर बोललं जाई. ती ऐकून घेई. खरं काय ते फक्त केंद्रातल्या दोघांना ठाऊक होतं आणि या काळात ती एकदाच त्यांच्यापाशी बोलली. "लोक बोलत्यात त्याचं काय न्हाई, सर. पर त्याच्या गळ्यात हार घालताना माझं हात कापत्यात, ते काय कुणाला दिसू द्यायचं न्हाई म्हणून लई जड जातंय."

मंत्रिमंडळात फेरबदल झाले. शिक्षा ठरलेली नव्हती, म्हणून बंदीही नव्हती. मारुतरावांना जुनं खातं परत मिळालंच, वर उपमुख्यमंत्रिपदही मिळालं. अर्जाची मुदत संपायला थोडेच दिवस उरले असताना तळकंबे गावानं त्यांचा नागरी सत्कार ठेवला. निमंत्रक, सौ. खोडून श्रीमती केलेलं नाव, लताबाई चौगुले.

शाळेच्या मैदानावर हा एवढा मांडव. कमानी, हलगी, तुतारी, क्रेननं उचललेला हार. सदानंद आणि रुक्साना गेले होते. लताबाईच्या सांगण्यावरून स्वयंसेवकांनी सदानंदांना मुद्दाम मागं, चपलांच्या ढिगाशेजारी बसवलं. व्यासपीठावरची पहिली रांग कंत्राटदारांची होती. चुलतभाऊ आणि सरपंच मांडवाबाहेर उन्हात उभे राहून बघत होते. त्यांनाही तिनंच आवर्जून बोलावलं होतं.

मारुतराव बोलायला उभे राहिले. मांडव गप्प झाला. बोटांत अंगठ्या परत आल्या होत्या. ते आपल्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल बोलले आणि मग म्हणाले, "बिंदू चौकातलं माझं पयलं भाषण. रात्रभर जागून, एकेक शब्द मी सोता लिवलेला. त्या दिवशी मला कळलं, देवानं आपल्याला शब्द दिल्यात."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

सदानंदांनी मांडीवरचे हात घट्ट धरले. त्या लग्नातलं जेवण त्यांनी आठवून पाहिलं, पावसातली छत्री आठवून पाहिली. प्रेम कुठं गेलेलं नव्हतं, ते होतं तिथंच होतं. पण त्याच्या समोर, पोटाच्या तळापासून, जुनी ओळखीची आग वर येत होती आणि चढत चढत गळ्यापर्यंत आली होती. ही आग काय आहे हे त्यांना या वेळी पक्कं माहीत होतं. तिला दुसरं नाव द्यायची सोय आता उरली नव्हती. आयुष्यभर जिची लाज वाटायला हवी होती ती गोष्ट आता आपल्याकडून मागितली जात आहे आणि ती द्यायला आपल्यापाशी भरपूर आहे, हे कळून त्यांना रडू आणि हसू एकदमच आलं.

लताबाई पेढ्यांचं ताट घेऊन रांगारांगांतून फिरत होती. हसऱ्या चेहऱ्यानं प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवत ती मागच्या रांगेपर्यंत आली आणि सदानंदांपाशी वाकली.

"सर," ती हळूच म्हणाली, "जळतंय का?"

सदानंदांनी व्यासपीठाकडे पाहिलं. तिथं अजून टाळ्या चालल्या होत्या.

"जळतंय," ते म्हणाले.

"मग उठा," ताट रुक्सानाच्या हातात देत ती म्हणाली. "केंद्रावर जायला बाकीच्या दहा जणांस्नी गाडीत बसवलंय."